चवीपुरता तुकडा

लोणावळ्यात वाढलेल्या माणसाने परदेशात पर्यटक म्हणून फिरू नये, असं माझं ठाम मत आहे. जन्मभर आपण ज्यांना हसलो, ते सगळं तिथे आपल्याच हातून घडतं. धुक्यात बुडालेल्या दरीसमोर उभं राहून ‘काय व्ह्यू आहे!’ म्हणणारी माणसं मी लहानपणापासून खंडाळ्याच्या कठड्यावर बघत आले. स्कॉटलंडमधल्या त्या शहरात पहिल्याच दिवशी आम्ही सहा जण तासभर डोंगर चढून गेलो. वर धुक्याशिवाय काहीही नव्हतं. आम्ही त्या धुक्याचे प्रत्येकी वीसेक फोटो काढले आणि ताबडतोब घरी पाठवले.

सहा जण म्हणजे तळेगावच्या आमच्या कॉलेजातले नाटक करणारे पाच विद्यार्थी आणि आमचे सर. ऑगस्टात त्या शहरात नाटकांचा मोठा महोत्सव भरतो. त्यात आमचा अर्ज कसा काय मंजूर झाला, हे सरांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. नाटक पाऊण तासाचं, मावळातल्या भातलावणीवरचं, निम्मं मराठी आणि निम्मं इंग्रजी. तीन जावा खाचरात वाकून रोपं लावतायत आणि मधली जाऊ अचानक पाठ सरळ करून सांगते की हे खाचर आता आपलं नाही, कालच विकलंय. मधली जाऊ मी होते. त्यासाठी लागणारी तीन इरली, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत येणारी पानांची छपरं, वराळ्याच्या आमच्या मित्राने गावातून आणली होती. विमानतळावर ‘हे काय आहे?’ असं विचारल्यावर त्याने शांतपणे ‘रेनकोट’ असं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

सरांचा नियम होता, रोज दोन नाटकं बघायचीच. मग आम्ही तळघरात, चर्चमध्ये, एकदा तर बंद पडलेल्या बसमध्ये बसून नाटकं पाहिली. एका प्रयोगात एक गृहस्थ तासभर एक अक्षर न बोलता बटाटे सोलत होता. शेवटी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सरांचे डोळे पाणावले होते. वराळ्याचा मित्र बाहेर येऊन म्हणाला, “आमची मावशी रोज सोलती की. तिला कुनी टाळ्या वाजवत न्हाई.” सर त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

रस्त्यावर पावलोपावली कलाकार उभे असत आणि आपापल्या नाटकाचे कागद हातात देत. आम्हाला कुणाला नाही म्हणता येईना. दिवसाअखेरी आमच्याकडे रद्दीवाल्याला बोलवावं एवढे कागद जमत. आमचे स्वतःचे कागद मात्र खोलीवर जसेच्या तसे पडून होते. कुणी तरी आपणहून मागेल, अशी आमची अपेक्षा होती.

आता माझ्याबद्दल सांगते. लोणावळ्याच्या बाजारात माझ्या वडिलांचं चिक्कीचं दुकान आहे. सहावी-सातवीपासून दर शनिवार-रविवार मी दुकानाच्या पायरीवर ताट घेऊन उभी राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर चवीला तुकडा ठेवायचे. पप्पांनी त्याचं रीतसर शिक्षण दिलं होतं. आधी ‘कुठून आलात?’ विचारायचं. घ्या असं म्हणायचं नाही. आणि तुकडा लहान द्यायचा, जीभ गोड होते न होते तोच संपला पाहिजे. मोठा दिला की माणूस तृप्त होऊन पुढे जातो. मला त्या ताटाची भयंकर लाज वाटायची. कॉलेजात नाटकात गेले त्यात नाटकाची ओढ किती आणि ताट सुटावं ही इच्छा किती, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तळेगावच्या मैत्रिणींनी वडील काय करतात असं विचारल्यावर मी म्हटलं होतं, “आमचं फूड प्रॉडक्ट्सचं काम आहे.”

पप्पांनी माझं एकही नाटक पाहिलं नव्हतं. आमचे प्रयोग असायचे शनिवार-रविवारी, तेव्हा दुकानात मान वर करायला फुरसत नसते. खरं म्हणजे मी कधी बोलावलंच नव्हतं. ते आले असते तर पिशवीभर चिक्की घेऊन आले असते. पण महोत्सवातला आमचा शेवटचा प्रयोग बुधवारी दुपारी होता. म्हणजे आपल्याकडे बुधवार संध्याकाळ, बाजार अगदी थंड. सर मोबाईल लावून तो प्रयोग घरच्यांना दाखवणार होते. पप्पांनी अर्ध्या बाजाराला आमंत्रण देऊन ठेवलं होतं. शेजारचा फजवाला त्या दिवशी फज फुकट वाटणार होता, असंही कळलं. मला धास्ती वाटत होती आणि किती आनंद झाला होता तेही सांगून टाकते. या एका माणसाने मला रंगमंचावर बघावं असं मला चार वर्षं वाटत होतं.

रविवारी आमच्या प्रयोगाला पाच जण आले. सोमवारी तीन, त्यातला एक पावसापासून आडोशाला. प्रयोग संपल्यावर नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई आल्या. फार गोड बाई. त्यांनी गोडपणेच सांगितलं की मंगळवारी दहा माणसं झाली नाहीत तर बुधवारची वेळ दुसऱ्या मंडळींना द्यावी लागेल, तिथला तसा नियमच आहे.

मंगळवारी सकाळी आम्ही मुख्य रस्त्यावर कागद घेऊन उभे राहिलो. आम्ही सगळे सभ्य घरातले. ‘एक्सक्यूज मी’ म्हणेपर्यंत माणूस पुढच्या चौकात पोचलेला असायचा. पाऊस पडत होता, तासाभरात एकही माणूस थांबला नाही. शेवटी मी खोलीवर पळत गेले आणि बॅगेच्या तळाशी लपवलेले पप्पांचे चार डबे घेऊन आले. “हे काय?” सगळ्यांनी विचारलं.

“चिक्की. आमचं चिक्कीचं दुकान आहे. मी लहानपणापासून रस्त्यावर तुकडे वाटते. मला येतं हे काम.”

“आन् ते फूड प्रॉडक्ट?” वराळ्याचा मित्र मोबाईलमध्ये डोकं घालून होता, तो न बघताच म्हणाला. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मीही हसले, पण कान तापले होते.

मी नाटकातल्या सुपात तुकडे मांडले आणि ‘कुठून आलात?’ सुरू केलं. काय सांगू! पाच मिनिटांत गराडा पडला. तेवढ्यात हिरव्या जाकिटातली एक स्वयंसेविका धावत आली आणि यात शेंगदाणे आहेत का असं विचारू लागली. सर अभिमानाने म्हणाले, “ओन्ली शेंगदाणे! पीनट अँड गूळ!” तिचा चेहराच उतरला. शेंगदाण्याने तिकडे माणसं दवाखान्यात पोचतात, असे रस्त्यावर वाटायचे नसतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. सूप जप्त झालं नाही एवढंच, डबे बंद करावे लागले.

गर्दी पांगू लागली आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. चिक्की नाही तर नाटकाचा तुकडा द्यावा. आम्ही तिघींनी इरली चढवली आणि भर रस्त्यात, पावसात, लावणीला वाकलो. लोक थांबले. मी पाठ सरळ केली, खाचर विकल्याचं सांगितलं आणि समोर एवढे लोक बघून मला राहवेना. धाकटीचं रडणं, थोरलीचं भांडण, सगळं करून टाकलं. कडाडून टाळ्या पडल्या आणि सगळे समाधानाने निघून गेले. कागद कुणी घेतला नाही.

दुसऱ्या वेळी मी इंग्रजीत “हे खाचर कालच विकलंय” एवढंच बोलले आणि सरळ थांबले. धाकटी जाऊ माझ्याकडे बघत राहिली. एक आजोबा म्हणाले, “मग?” मी त्यांच्या हातात कागद दिला. “मग दोन वाजता, मागच्या गल्लीत. आपण कुठून आलात?”

असे अकरा तुकडे दिले. दोन वाजता सव्वीस माणसं आली. ते आजोबा पहिल्या रांगेत होते.

बुधवारचा प्रयोग झाला, आणि तो आमचा सगळ्यात चांगला प्रयोग होता. संपल्यावर मी इरलं न काढताच मागच्या गल्लीत जाऊन पप्पांना फोन लावला. मागे बाजारातली माणसं बोलत होती.

“छान झालं,” पप्पा म्हणाले. “सगळ्यांना आवडलं. पण काल पहिल्या वेळी तुकडा मोठा दिलास. नंतर बरोबर तोडलास.”

मला काही कळेना. मग उलगडलं. मंगळवारी वराळ्याचा मित्र मोबाईलमध्ये डोकं घालून होता, तो बुधवारच्या लिंकची चाचणी घेत होता. चाचणी घरच्यांच्या ग्रुपवर सुरूच राहिली होती. पप्पांनी दुकानात बरणीला मोबाईल टेकवून सकाळपासूनचा सगळा रस्ता पाहिला होता.

“सगळं ऐकलंत?” मी विचारलं.

“ऐकलं की. फूड प्रॉडक्ट्स म्हणजे काय गं?”

थट्टेत बोलले होते, पण मला रडू आलं. चार वर्षं जे त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून जपलं होतं, ते मी त्यांना भर बाजारात ऐकवलं होतं. “मला लाज वाटायची, पप्पा,” मी म्हणाले.

ते कुणाला तरी “अर्धा किलो बांध” म्हणाल्याचं ऐकू आलं. मग फोनजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “मी स्टेशनवर ताट घेऊन उभा असायचो ना, तेव्हा टोपी डोळ्यांपर्यंत ओढून घ्यायचो. वर्गातली पोरं गाडीला असायची.”

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी इरल्यात तशीच उभी होते. पाऊस पानांवर वाजत होता.

“शनिवारी पोचतेस ना?” पप्पांनी विचारलं. “सोमवारची सुट्टी जोडून आली आहे. गर्दी होईल.”

“पोचते,” मी म्हटलं. “ताट मी घेईन.”