वरसाची फ्रेम

कुरवंड्यात शालनमावशीचं घर विचारलं तर पोरंटोरंसुद्धा उलट विचारतात, "फ्रेमवाली ना?" लोणावळ्याच्या बाजारात एका लेडीज टेलरकडे तिने बावीस वर्षं फॉल-पिको केलं. त्या दुकानात जे कातरण झाडून टाकायचे ते ही बाई पिशवीत भरून घरी आणायची. चिंध्या, उसवलेल्या लेस, एकेकटी बटणं, चिक्कीच्या डब्यांची झाकणं, बंद पडलेली घड्याळं, कुलपं हरवलेल्या किल्ल्या. नवरा केरबा म्हणायचा, "भंगारवाल्याशीच लगीन लावायचं की!" ती हसायची आणि आणखी एक किल्ली डब्यात टाकायची. त्या पसाऱ्यातून तिने आरसे सजवले, किल्ल्या अडकवायच्या पाट्या केल्या, पर्यटकांनी त्या कौतुकाने नेल्या. पण तिचं नाव झालं ते त्यामुळे नाही.

गेलेल्या माणसाचे कपडे आपल्याकडे घरात ठेवत नाहीत. कुणाला देऊन टाकतात, नाहीतर नदीला सोडतात. शालनची थोरली बहीण गेली तेव्हा तिच्या साड्यांचं गाठोडं असंच दाराबाहेर निघालं होतं, आणि शालनने ऐनवेळी पुढे होऊन एका साडीचा काठ कापून घेतला. मांजरपाटावर तो काठ शिवला, मधे बहिणीची फणी, चार बांगड्या, ब्लाऊजचे हूक, असं सगळं टाक्यांनी बसवलं आणि लाकडी फ्रेम केली. काच मात्र लावली नाही. हात लावता आला पाहिजे, असं तिचं म्हणणं. साडी ठेवता येत नाही ना, मग फ्रेम ठेवू, असा तिने आपल्यापुरता मार्ग काढला. समाचाराला आलेल्या बाया त्या फ्रेमपुढून हलेनात, आणि तिथून एकीने दुसरीला सांगितलं.

पंधरा वर्षांत गावोगावची माणसं आपल्या गेलेल्या माणसाचे कपडे, वस्तू घेऊन तिच्याकडे यायला लागली. सगळ्यात जास्त आंदर मावळातली, दोन गाड्या बदलून. शालन बौद्ध घरातली. तिच्या आजीला ज्या वाड्यांमध्ये पाणीसुद्धा वरून ओतायचे, त्याच वाड्यांमधल्या घरांच्या भिंतींवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, शालनच्या हातची फ्रेम लागली. याचं तिला किती वाटायचं हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण आंदर मावळातलं कुणी आलं की ती चहात साखर जरा जास्तच घालायची. या कामाचे ती पैसे घेत नसे. तिचा नियम एकच. फ्रेम वर्षभर तिच्याकडे राहणार आणि वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी घरचं माणूस येऊन घेऊन जाणार. तोवर दुःख ताजं असतं, म्हणायची. रोज समोर दिसलं तर माणूस तिथंच बसून राहतं. लोक त्याला 'वरसाची फ्रेम' म्हणायला लागले.

बहिणीची मुलगी यशोधरा. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. शालनने तिला वाढवलं, शिकवलं, आणि सुई हातात दिली. पोरगी हुशार! शालनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून गेली सहा वर्षं बारीक काम तीच करत होती. बोलणं गोड, मोबाईलवर फोटो टाकणं, लोणावळ्याच्या हॉटेलांमध्ये जाऊन आरसे विकणं, सगळं तिचंच. शालन चारचौघांत सांगायची, "माझा हात आता तिच्या हातात गेलाय."

गेल्या दिवाळीनंतर यशोधरा म्हणाली, "मावशी, एका रिसॉर्टमध्ये प्रदर्शन आहे. तुझं खरं काम लोकांना दिसू दे. तीन वरसाच्या फ्रेमा दे, पंधरा दिवसांत परत आणते."

"त्या आपल्या न्हाईत, यशू. लोकांच्या ठेवी हायती."

"दाखवायलाच नेतेय गं. माझ्यावर विश्वास नाही का?"

असं विचारल्यावर नाही कोण म्हणणार? शालनने तीन फ्रेमा धुतलेल्या चादरीत गुंडाळून दिल्या. पंधरा म्हणता वीस दिवस झाले, पण त्याच चादरीत गुंडाळून तिन्ही परत आल्या. शालनने खिळ्यांवर पुन्हा लावल्या. विषय संपला.

त्यातली एक फ्रेम आंदर मावळातल्या एका वाडीच्या लीलाबाईची होती. तिची मुलगी अनिता ती न्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी शालन धूळ झटकायला बसली. डोळ्यांना सगळं धुरकट दिसायचं, त्यामुळे ती बोटांनीच बघायची. हिरवा काठ लागला. मिश्रीच्या डबीचं झाकण लागलं, गाईच्या गळ्यातलं घुंगरू लागलं. काठावर एका जागी लीलाबाईने स्वतः केलेलं रफू होतं. शालनचं बोट त्या रफूवर गेलं आणि तिथंच थांबलं.

लीलाबाई शेतकरीण, तिचं शिवण जेमतेम. तिने दोऱ्याची गाठ वरच ठेवली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. फ्रेम प्रदर्शनाला जाईपर्यंत शालन त्या गाठीला हात लावून गालात हसायची. आता गाठ नव्हती. म्हणजे होती, पण कापडाच्या आत, दोन पदरांमध्ये दडवलेली. अशी गाठ दडवायला शालननेच शिकवलं होतं आणि एकाच माणसाला शिकवलं होतं.

तिने काठ नाकाशी नेला. चहाच्या पाण्याचा वास आला. नवं कापड जुनं दिसावं म्हणून ते चहात कसं बुडवायचं, हेही तिनेच शिकवलेलं. उरलेल्या दोन फ्रेमा उतरवून तिने त्याही चाचपल्या. दोन्ही नकली.

दुपारी यशोधरा आली तेव्हा तिन्ही फ्रेमा कॉटवर पालथ्या पडल्या होत्या. तिने एकदा बघितलं आणि चप्पल काढायची थांबली.

"खऱ्या कुटं हायती?"

यशोधराने आधी आढेवेढे घेतले, मग सांगून टाकलं. बंगले सजवून देणारी एक बाई प्रदर्शनात आली होती. तिला खऱ्या माणसांच्या खऱ्या वस्तूच हव्या होत्या. तिने पैसे मोजून घेतल्या, पुढे कुणाला दिल्या, त्या आता कुठल्या गावात आहेत, काही ठाऊक नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लीलाबाईच्या मिश्रीच्या डबीचं झाकण लटकत असणार. काय एकेकाची हौस!

"आगं, नकलाच करायच्या हुत्या तर त्या तिला द्यायच्या," शालन म्हणाली. "खऱ्या हितं ठिवायच्या."

"तिला कळलं असतं, मावशी. ती जाणकार आहे."

"आनि अनिताला?"

"तिला काय कळतंय?" यशोधरा म्हणाली. "डोळ्यांना पाणी येतं ना? मग झालं. खोट्यावर पण येणारच."

शालनला वाटलं, हिच्या मुस्काटात द्यावी. पण हात उठेना. भिंतीवर यशोधराच्या आईची, म्हणजे शालनच्या बहिणीची फ्रेम होती. तिने तिकडे बोट केलं.

"ती का न्हाई दिलीस? ती तर समद्यात जुनी."

यशोधरा नकळत त्या फ्रेमच्या आड सरकली. म्हणजे पोरीला सगळं समजत होतं. खऱ्यात काय असतं आणि नकलेत काय नसतं, हे तिला शालनइतकंच माहीत होतं. स्वतःच्या आईपुरतं माहीत होतं. शालनला खरा घाव बसला तो इथे. चोरी पोटासाठी झाली असती तर तिने रडून, शिव्या देऊन कधीतरी गिळली असती.

"जा," ती म्हणाली. यशोधरा गेली.

दुसऱ्या दिवशी अनिता आली. पाठीवर इंद्रायणी तांदळाची पिशवी, तोंडावर घाम. "बाबांनी सांगितलंय, मावशीला नव्या भातातलं दे." फ्रेम हातात घेतली आणि काठ गालाला लावून ती रडायला लागली. "आये," एवढंच म्हणत होती. यशोधरा म्हणाली होती तसंच झालं. तिला काही कळलं नाही.

शालन पाणी आणायला आत गेली. तांब्या भरून वाहायला लागला तरी ती तिथेच. गप्प बसलं तर कुणाचं काय जाणार होतं? पण ती बाहेर आली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गाठ, चहाचं पाणी, बंगले सजवणारी बाई, आणि आपल्याच भाचीने केलं, हेही.

अनिताने काठ गालापासून दूर धरला. मग विचारलं, "आमच्या सखारामआबांची फ्रेम दोन वर्सांमागं नेली. चुलती रोज तिला हात लावून रानात जाती. ती खरी का?"

शालनने 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं. सहा वर्षं बारीक काम यशोधराच्या हातात होतं. तेव्हा प्रदर्शन नव्हतं, पण तेव्हाही फ्रेमा याच भिंतीवर होत्या आणि मावशीला कमीच दिसत होतं.

"म्हाईत न्हाई, पोरी," ती म्हणाली. "मी येती वाडीत. घरोघर हात लावून बघती. माझ्या बोटांना कळतंय."

"आनि खोटी निगाली तर?"



अनिताने डोळे पुसले, फ्रेम पदरात गुंडाळली. "बाबा फ्रेमपुढं फोडायला नारळ घिऊन बसल्यात. मोकळ्या हातानं कशी जाऊ? ह्यीच नेते. मी काय बोलनार न्हाई कुनाला." उंबऱ्यात ती थांबली. "तुमी मातुर आता वाडीत येऊ नका, मावशी. तुमाला समोर बघितलं की माझ्या तोंडातनं खरं काय ते निघून जाईल."

"बरं," शालन म्हणाली, आणि तिला वाट द्यायला दारातून बाजूला झाली.