यशयाकाकांच्या वडावरची वटवाघळं

यशयाकाका शेवगाव तालुक्यातल्या एका गावी गुरांच्या दवाखान्यात अडतीस वर्षं परिचर होते. गाय अडली की लोक डॉक्टरांच्या आधी त्यांनाच हाक मारत. निवृत्तीनंतर त्यांचा सगळा जीव ओढ्याकाठच्या वडात अडकला. त्या वडाला शेकडो वटवाघळं लटकलेली असत. काका त्यांना 'आमची मंडळी' म्हणायचे.

मी वटवाघळांच्या अंगातले विषाणू शोधते. पहाटे ती चरून परतली की झाडाखाली प्लास्टिक अंथरायचं आणि वरून पडेल ती घाण नळ्यांत भरायची, असलं माझं पुण्यकर्म. दोन वर्षं काका प्लास्टिकचं दुसरं टोक धरायला यायचे. डोक्यावर काही पडलंच, तर गंभीरपणे म्हणायचे, "ताई, बाप्तिस्मा झाला."

गेल्या मार्चात निकाल हाती आला. नऊ विषाणू, आजवर कुणीच न नोंदवलेले. मला कुठला धीर. लगेच काकांना फोन लावला आणि सांगितलं, तुमच्या वडावर नऊ नवे विषाणू सापडले. त्यांच्यामुळे माणूस आजारी पडल्याचं कुठंच दिसलेलं नाही, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. इतकी शिकलेली मी, पण अक्कल गहाण पडली होती.

काकांनी ही बातमी मोठ्या अभिमानानं पिठाच्या गिरणीत सांगितली. करोनात या गावानं अकरा माणसं गमावली होती. विषाणू म्हटल्यावर पुढचं ऐकायला कोण थांबतंय. तिसऱ्या दिवशी वडाला करवत लागली. माद्यांच्या पोटाला पिलं बिलगलेली होती. खाली पडलेली चौदा पिलं काकांनी पाटीत घालून घरी नेली, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. एकही जगलं नाही.

कळल्यावर मी धावत गेले. ग्रामपंचायतीपुढं लोक जमले, त्यांना सगळं समजावून सांगितलं. सरपंच जयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग हे आदी का न्हाई सांगितलं, मॅडम?" त्या म्हणाल्या. "आमी कशाला तोडला असता?"

तेवढ्यात मागं बसलेले काका उठले.

"ताईंनी सांगितलं हुतं," ते म्हणाले. "मीच निम्मं सांगितलं. चूक माझी हाय."

कुणीतरी त्यांना आईवरून शिवी दिली. ते मान खाली घालून उभे राहिले. मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.