समोरच्याचा पडदा

मेडशीच्या स्टँडवर माझं कापडाचं दुकान आहे, आणि माझ्याच ओट्यावर एका शिंप्याची शिलाई मशीन. समोर रेडीमेडचं दुकान निघालं, तसं आमच्या दोघांचंही गिऱ्हाईक तिकडं वळलं. संध्याकाळी आम्ही जोडीनं त्या दुकानदाराला शिव्या घालायचो. मग हा शिंपी चर्चमध्ये जाऊ लागला. आता दोरा ओवताना भजन गुणगुणतो.

परवा वाऱ्यानं समोरच्याचा उन्हाचा पडदा फाटला. मला बरं वाटलं. यानं तो मागून आणला आणि शिवून दिला.

"काहून शिवला बे?" मी खवळलो.

"प्रभूनं मले पुरतं देल्लं, भाऊ. समोरच्यावर कायले जळू?"

आता शिव्या घालायला मी एकटाच उरलोय. आणि हा माझ्याच ओट्यावर बसून माझ्यासाठी प्रार्थना करतो.