हिराजींना वाचून दाखवलेला लेख

कराडहून सकाळी सातच्या बोरिवली एसटीने निघाले, तेव्हा पर्समध्ये दोनच गोष्टी होत्या. एक, माझाच लेख छापून आलेला गेल्या वर्षीचा दिवाळी अंक. दुसरं, त्या लेखावर मुंबईच्या मढ गावाहून आलेलं पत्र. पत्र येऊन चार महिने झाले होते. उत्तर राहून गेलं असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे काय उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं. शेवटी ‘मी येतेय’ एवढंच कार्ड टाकलं होतं.

मी शाळेत मराठी शिकवते आणि सुट्टीत लिहिते. माझा विषय एकच, जुना रेडिओ. लहानपणी आमच्या आळीत फक्त लाकडाच्या वखारीत रेडिओ होता आणि संध्याकाळी सगळी आळी ओंडक्यांवर बसून तो ऐकायची. त्या दिवसांवर मी कथा लिहिल्या, लेख लिहिले. आता घरोघरी टीव्ही येऊ लागल्यापासून लोकांना हे लिखाण जास्तच गोड लागतं.

त्यातला सर्वांत गाजलेला लेख एका नाटकावर होता. तेव्हा नाटकं थेट प्रसारित व्हायची. वादळात सापडलेला एक नावाडी आपल्या भावाला हाक मारतो, असा प्रसंग होता. हाक ऐकू आली आणि मग सगळं थांबलं. फक्त पाण्याचा आवाज. वखारवाल्यांनी उठून रेडिओवर थाप मारली, तरी माणसाचा आवाज नाही. एवढं मी दहाव्या वर्षी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. पुढचं मी रचलं. नावाडी झालेला, निवेदकाने सुरुवातीला नाव सांगितलेला ‘मढचा हिराजी’ माइक बघून कसा गडबडला, हातातला कागद कसा उलटा धरला, तोंड उघडं ठेवून कसा उभा राहिला, हे मी असं लिहिलं की जणू मी तिथे होते. हळदीकुंकवापासून शाळेच्या संमेलनापर्यंत मी तो लेख अभिनयासह वाचून दाखवला. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मढचं पत्र हिराजींच्या मुलीचं होतं. ‘तुमच्या लेखातली शांतता खरी आहे, बाकीचं नाही. बाबांना वाचता येत नाही. आपल्याबद्दल कुणीतरी छापलंय एवढंच त्यांना कळलंय आणि ते खुशीत आहेत. वाचून दाखवू की नको, ते तुम्हीच सांगा. कमल.’

घाट उतरून, पनवेल मागे टाकून गाडी खाडीच्या पुलावर आली. डावीकडे ट्रॉम्बेच्या टेकड्या धुरकट दिसत होत्या. पुढे अंधेरीला हायवेवर उतरले. तिथे माझी शाळेतली मैत्रीण शालिनी घ्यायला आली होती. तिचं सासर मूळचं मालवणकडचं. नवरा दत्ताराम गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर आता विक्रोळीच्या एका कारखान्यात लागलाय. जेवताना मी दोघांना पत्र वाचून दाखवलं.

“मी पण हसले होते गं तो लेख वाचून,” शालिनी म्हणाली. “पण तू त्या माणसाचं नाव कशाला घातलंस?”

“नाव खरं असलं की लेख खरा वाटतो.”

“मग आता जा आणि सांग त्याला.”

दत्ताराम भातावर सोलकढी ओतत म्हणाला, “भियाव नको (घाबरू नकोस). माणूस काय खाऊचो नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधेरी स्टेशनाबाहेरून वेसाव्याची (वर्सोव्याची) बस पकडली. उतरल्यावर दोन्ही बाजूंना वलांड्या (बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या मांडण्या) आणि त्यांवर जोडीजोडीने लटकलेले बोंबील. वासाने पहिली पाच मिनिटं नाक दाबून चालले, मग सवय झाली. खाडी ओलांडायला होडी होती. माझ्या शेजारी रिकाम्या टोपल्या घेतलेल्या तीन कोळणी बसल्या होत्या. त्यांतली एक माझी साडी, पर्स, चपला असं सगळं न्याहाळून म्हणाली, “शूटिंगला चाललीस काय गो?” मी नाही म्हटल्यावर तिचा माझ्यातला रस संपला.

ओहोटी होती. पलीकडे उतरताना पाय चिखलात गेला आणि वर आला तेव्हा चप्पल खालीच राहिली. काठावर उभ्या असलेल्या पस्तिशीच्या एका बाईने वाकून, कोपरापर्यंत हात घालून ती काढून दिली.

“तुम्हीच ना कराडच्या? मी कमल.”

आमची पहिली भेट अशी झाली. माफी मागायला आलेली मी एका पायावर उभी, आणि माझी चप्पल तिच्या हातात.

वाटेत एका बंगल्यात खरंच शूटिंग चाललं होतं. कडक उन्हात रबरी नळीने पाऊस पाडत होते. मी कमलला विचारलं, “बाबांना सांगितलंत का, लेखात काय आहे ते?” ती म्हणाली, “आधी घरी चला. ते वाट बघतायत.”

हिराजी पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगाने वाळलेले, पण आवाज छातीतून येणारा. माझ्या लेखातल्या बावळट नावाड्याशी त्यांचं कुठेच जुळत नव्हतं.

“ये गो बाय. पहिले पाय धू. चिखल सुकला की निघत नाय.”

जेवायला तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण होतं. मला माशाची सवय नाही हे ओळखून ते मधला काटा कसा ओढून काढायचा ते दाखवत राहिले. रेडिओवर कसे पोचले तेही सांगितलं. ससून डॉकला मासळीच्या लिलावात त्यांची आरोळी ऐकून कुणी साहेब त्यांना घेऊन गेला होता. वाचता येत नसल्यामुळे ते नाटक ऐकून पाठ करायचे. म्हणजे उलटा धरायला त्यांच्या हातात कागद कधी नव्हताच. मी मान खाली घालून जेवत होते.

हात धुऊन झाल्यावर ते भिंतीला टेकून बसले. “आता वाच. मना (मला) तुझ्याच तोंडून ऐकायचाय.”

मी कमलकडे पाहिलं. ती बाबांकडे बघत होती. मी अंक उघडला. वखारीचं, ओंडक्यांचं, आळीचं वर्णन होतं तसं वाचलं. ते मान डोलावत होते. मग नाटक आलं. नजर छापील ओळींवर ठेवून मी भलतंच बोलू लागले. ‘त्या नावाड्याचा आवाज असा होता, की त्याने हाक मारली आणि सगळी आळी स्तब्ध झाली. त्याने शब्द थांबवले, पण ते थांबणंही अभिनयच होतं.’ एकही शब्द तिथे छापलेला नव्हता. माझा आवाज अडखळला नाही, याचीच मला आज जास्त लाज वाटते. कमल मध्येच उठून आत गेली.

मी अंक मिटला.

“ब्येस वाचतेस,” ते म्हणाले. “पण तो अभिनय नव्हता गो. माजा धाकला भाऊ आदल्या वर्षी दर्यात गेला व्हता. होडी गावली, तो नाय गावला. नाटकात भावाला हाक मारायची. तालमीला मारली, कायच झाला नाय. त्या दिवशी बाजूला एक जण वादळासाठी पत्रा हलवत व्हता, दुसरा घमेल्यात पानी. मी हाक मारली आणि मना वाटला, आता ओ देल (देईल). म्हणून थांबलो. पुढचा शब्द आठवत व्हता. पण मी बोललो असतो, तर त्याची ओ ऐकू आली नसती.”

“मग?”

“मग काय. त्यांनी नाटक थांबवून गाना वाजवणं सुरू केला. परत बोलावला नाय, मीबी गेलो नाय.”

मला तिथेच सगळं बोलून टाकता आलं असतं. मी म्हणाले, “मी हे लिहीन, काका.” ते म्हणाले, “बघ, तुला जमल तसा,” आणि जाळं पुन्हा मांडीवर घेतलं.

कमल होडीपर्यंत सोडायला आली. काठाजवळ आल्यावर मी म्हटलं, “लेखात खरं काय छापलंय ते तुम्ही त्यांना सांगू नका. मीच बदलून पुन्हा छापीन.”

“ताई, तुमचं उत्तर आलं नाही ना,” ती म्हणाली. “दोन महिने वाट बघितली. मग मीच वाचून दाखवला. सगळा.”

ती होडीकडे बघत पुढे सांगू लागली.

“त्यांनी तीनदा वाचायला लावला. मग म्हणाले, तिला बोलाव. ती स्वतः वाचेल, मग मी तिला सांगेन. मी दुसरं पत्र लिहिणारच होते, तेवढ्यात तुमचं येतेय म्हणून कार्ड आलं.”

होडीवाला हाक देत होता. कमल म्हणाली, “परत येता का? पाच मिनिटांवर आहे घर.” मी घड्याळाकडे पाहिलं, शालिनी वाट बघत असेल असं काहीतरी पुटपुटले आणि होडीत चढले. पुढची होडी अर्ध्या तासात होती. मला ते ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी शालिनीने विचारलं, “सांगितलंस?” मी म्हटलं, “त्यांना माहीतच होतं.” ती एवढंच म्हणाली, “ते नाही विचारलं मी.”

कराडला परतून तीन महिने झाले. शाळा, घर, सगळं जिथल्या तिथे आहे. संमेलनात तो लेख वाचा म्हणून आग्रह झाला, मी नाही म्हटलं. लेख लिहिताना मी त्या माणसाला पाहिलं नव्हतं, ही सबब तरी होती. त्या दुपारी ते माझ्यासमोर बसले होते, मला त्यांनी काटा काढून मासा खाऊ घातला होता, आणि तरी मी माझ्याच हातचं चार ओळींचं लिखाण त्यांना वाचून दाखवू शकले नाही. जुन्या दिवसांबद्दल लिहिताना मी किती जणांना असंच माझ्या सोयीने उभं केलं असेल, ते मोजायला आता धीर होत नाही.

हे लिखाण छापायला देण्याआधी मढला पाठवलं होतं. सोबत माफी मागणारं पत्रही होतं. कमलने सगळं परत पाठवलं. बाबांनी पूर्ण ऐकलं, असं तिने लिहिलंय. माफीबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी दुरुस्ती एकच सांगितली. मी एवढं सगळं लिहिलं, पण भावाचं नाव विचारलंच नव्हतं. ते घालायला सांगितलंय.

त्यांच्या धाकट्या भावाचं नाव काशिनाथ होतं.