टिपणीसकाकांचं आहाहा

कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला टिपणीसकाकांचं 'आहाहा' काढता येतं. सोपं नाही हं ते! पहिला 'आ' नाकातून वर चढवायचा, जिना चढल्यासारखा. मग 'हा' मध्येच मोडायचा, उचकी लागल्यासारखा. आणि शेवटचा 'हा' लगेच म्हणायचाच नाही. थांबायचं, घास गिळायचा, डोळे पुसायचे आणि समोरच्याला वाटलं आता संपलं, की मग सोडायचा. तळमजल्यावरची चिमी तो फार लवकर सोडते, म्हणून तिची नक्कल लगेच पकडली जाते.

हे आहाहा काका एकाच गोष्टीला म्हणायचे. चीजला.

श्यामकांत टिपणीस म्हणजे अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. कंपनीत त्यांचं नाक त्यांच्याहून प्रसिद्ध. एकदा गॅसच्या पाइपचा सांधा सुटला तेव्हा काकांनी हातातला चहा खाली ठेवला, म्हणाले, "बाहेर." बस, एवढंच. सगळी शिफ्ट बाहेर पळाली आणि त्यानंतर मीटरचा काटा हलला. हे आम्हांला त्यांच्या हाताखालच्या जयदेवने सांगितलं. जयदेव पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहतो आणि प्रत्येक वाक्य 'म्हणजे कसं' पासून सुरू करतो. "म्हणजे कसं, मीटर बंद पडला तर चालतंय आपल्याला. साहेबांना सर्दी झालेली नाही चालत."

पण जो गॅस काका हुंगत होते, तोच इतकी वर्षं नाकाला आतून खात होता. आधी हिंग गेला. मग कॉफी गेली. एके दिवशी कुंदाकाकूंनी बोंबील तळायला घेतले, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि काका शेजारच्याच खोलीतून विचारतायत, "कुंदा, आज जेवायला काय?"

काकू कढईतला झारा घेऊन बाहेरच आल्या. "चेष्टा करताय का हो माझी?"

चेष्टा नव्हती. उल्हासनगरच्या नाकाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, आतल्या नसा जळल्यात, गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेवढं सांभाळा. काकांनी हे कंपनीत सांगितलं नाही. काकू म्हणाल्या, "सांगून टाका हो." तर म्हणाले, "लक्षात घे कुंदा. नाक नसलेला टिपणीस कुणाला हवाय?" जेवण म्हणजे त्यांना ओली माती झाली. भात पांढरी माती, आमटी पातळ माती.

डॉक्टरांकडून परत येतानाच काकू कुकरची रिंग घ्यायला उल्हासनगर कॅम्पातल्या टेकचंदच्या दुकानात शिरल्या. टेकचंद परदेशी माल विकायचा. निदान तो तसं म्हणायचा. तेव्हा तो एका फुटलेल्या डब्यासमोर नाकाला रुमाल लावून कुणाला तरी शिव्या घालत होता. बोटीवरच्या माणसाने आणून दिलेलं चीज, आणि गिऱ्हाईक 'सड गया' म्हणून परत टाकून गेलेलं.

काका दारातच थबकले. नाक वर. मान वाकडी.

"शेठ, ते... ते जरा इकडे आणा."

"साईं, मत लो! चप्पल माफिक वास मारता है."

"मारतंय ना? मारतंय ना वास?" काकांनी डब्यात नाकच खुपसलं आणि जगातलं पहिलं आहाहा तिथे, कुकरच्या रिंगांच्या माळेखाली, झालं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. टेकचंद घाबरला. "अरे बाबा, रोने का नहीं! ले जाओ साईं, पैसा नहीं मांगता, खाली रोओ मत!"

झालं. काकांना वेड लागलं. बोटीवरची माणसं, कुणाच्या दुबईतल्या मेव्हण्याची बॅग, मुंबईहून एका पारशी साहेबाने पाठवलेलं टोपलीतलं पनीर, जिथून म्हणून मिळेल तिथून चीज यायला लागलं. आणि खाणार एकटे नाहीत. रविवारी सगळ्या बिल्डिंगला बोलावणं. टेबलावर बश्या मांडलेल्या आणि काका शिफ्ट समजावून दिल्यासारखे बोलतायत, "लक्षात घ्या. हे हॉलंडचं. हे ग्रीक, मिठाच्या पाण्यात राहतं. आणि ह्या निळ्या रेषा म्हणजे बुरशी, ती मुद्दाम वाढवतात."

"मुद्दाम!" काकू स्वयंपाकघरातून. "माझ्या लोणच्यावर एवढासा ठिपका आला तर अख्खी बरणी फेकायला लावलीत!"

सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदत्तराव हॉलंडच्या चीजवरचं लाल मेणाचं कवच चीज समजून चावत बसले. बराच वेळ. मग म्हणाले, "जरा चिवट आहे. पण पौष्टिक असावं." काका इतके हसले की खुर्चीवरून घसरले. गेल्या वर्षभरात ते हसलेले आम्ही बघितले नव्हते.

पण हळूहळू टेबलावरच्या बश्या कमी व्हायला लागल्या. हॉलंडचं आणायचं बंद झालं. "ते गेलं," काका म्हणाले. गेलं म्हणजे एखादं माणूस गेलं, तसं. मग ग्रीक गेलं. पनीरचा वास तर त्यांना कधी आलाच नव्हता, ते तोंडदेखलं खात होते. आता ज्याला जास्त घाण वास तेच हवं आणि तेवढ्यानेही भागेना. मग काका ते खिडकीत ठेवून आणखी पिकवायला लागले. गुरुदत्तरावांनी घूस मेली समजून मागचं गटार उघडलं, दोन माणसं आत उतरवली, घूस काही मिळाली नाही. "हे नियमात बसत नाही," ते काकांच्या दाराकडे बघून म्हणाले. "नेमकं काय बसत नाही ते मी शोधतो आहे."

शेवटी उरलं एकच, निळ्या रेषांचं. त्याचा एक तुकडा काका कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत घालून खिशात ठेवायला लागले. सकाळी कात्रपच्या नाक्यावर कंपनीची बस सुटली की डबी उघडायची. वास आला, तर नाक चालू आहे, शिफ्टवर जायचं. नाही आला तर उतरायचं, प्लँटमध्ये पाऊल टाकायचं नाही. हा त्यांचा नियम एकट्या जयदेवला माहीत होता, कारण शेजारी तोच बसायचा. बाकीची बस फक्त एवढंच जाणून होती की टिपणीससाहेब हल्ली वास मारतात.

आणि ते कुंदाकाकूंच्या कानावर आलं. पिठाच्या गिरणीत कुणीतरी म्हणालं, साहेबांना जरा साबण बदलायला सांगा. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी काका आंघोळीला गेल्यावर त्यांनी डबी उघडली, गरम पाण्याने खळखळून धुतली आणि आत आपल्या साध्या डब्यातल्या चीजचा एक शहाण्यासारखा, पिवळा, चौकोनी तुकडा भरला. चीज ते चीज. जुना तुकडा कागदात गुंडाळून त्यांनी नवसीला दिला. नवसी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून भाजीची पाटी घेऊन उजाडताच येते. तिचा नवरा धाकलू तिकडे गळ टाकून बसतो. त्याला होईल मासे धरायला.

बस सुटली. काकांनी डबी उघडली. नाकाला लावली.

परत लावली.

"जयदेव," ते म्हणाले, "वास घे."

आता जयदेवची रोजची सवय अशी, की डबी खिशातून निघाली की नाकावर रुमाल, तोंड खिडकीकडे. तो तिकडूनच ओरडला, "आलाय साहेब! मेलो! बंद करा!"

काकांनी डबी बंद केली. उठले. ड्रायव्हरला म्हणाले, "थांबव." काय झालं ते जयदेवला त्यांचं तोंड बघून कळलं आणि तोही मागोमाग उतरला.

घरी काकूंनी दार उघडलं. "अगंबाई! डबा विसरलात?"

"संपलं, कुंदा."

"काय संपलं?"

"नाक." आणि काका चपला न काढताच चौकटीत खाली बसले. डबीचं सगळं सांगितलं, नियम सांगितला. "आज काहीच नाही. जयदेवला एवढा वास आला, मला काहीच नाही. आता कुणाच्या जिवावर मी तिथे उभा राहू?"

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो! अहो, तुमचं नाक नाही गेलं! मी बदललं ते!"

"काय?"

"चीज! त्या डबीतलं साधं आहे, त्याचा कुणालाच वास येणार नाही!" काकू हसत होत्या का रडत होत्या देव जाणे. त्या गॅलरीत धावल्या. "नवसे! एऽऽ नवसे! वर ये आधी! ते दे परत!"

नवसी शेजारच्याच बिल्डिंगखाली होती. जिना चढत चढतच तिचं सुरू. "काय वं बाय, दिल्याली वस्तू कुनी परत मांगतंय? ह्या वासाला मासं काय, मगर येल धावत! आमचा धाकल्या खूश झाला असता." तिच्या आवाजाने सगळे मजले बाहेर आले, आणि मागून आलेल्या वासाने अर्धे आत गेले.

कागद उघडला. जयदेव भिंतीला टेकला. गुरुदत्तराव जिन्यात होते, ते तिथूनच "हेच ते! हीच ती घूस!" म्हणून ओरडले. काका उठून उभे राहिले. डोळे मिटले, कागद दोन्ही हातांत धरला, तीर्थ घेतात तसा, आणि छाती भरून श्वास घेतला.

"आहाहा," काका म्हणाले. "आला. आला वास."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवसी म्हणाली, "घ्या! न्हाय आला तं मडाच म्हनायचा."

पण शेवटचा 'हा' लवकर आला होता. घास नाही, उचकी नाही, पाणी नाही. चिमी काढते तसं झालं होतं ते. आम्हां पोरांना ते ऐकलं तेव्हाच कळलं, आणि आम्ही एकमेकांकडे बघितलंही नाही. काकांनी स्वतःची नक्कल केली होती, आणि ती आमच्याहून वाईट होती.

कुंदाकाकूंनाही कळलं. टाळी वाजवायला उचललेले हात त्यांनी खाली घेतले. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "परत एकदा."

"आला म्हटलं ना कुंदा."

"मिटा हो."

काकांनी मिटले. काकूंनी कागद नवसीच्या हातात कोंबला, तिला जिन्यावरून खाली पिटाळलं आणि काकांच्या नाकाखाली ती काळी डबी उघडून धरली. धुतलेली. आत तो पिवळा चौकोनी तुकडा.

"आहाहा!" काका म्हणाले. ह्या वेळी मध्ये थांबलेसुद्धा, उचकीसुद्धा काढली. "आता जास्तच येतोय. कालच्यापेक्षा जोरात."

आता टाळी कुणीच वाजवली नाही. गुरुदत्तरावांनीसुद्धा. काकांनी डोळे उघडले, डबी बघितली.

"म्हणजे कसं साहेब," जयदेव म्हणाला. रुमाल त्याच्या हातात तसाच होता. "माझी पोरगी दोन महिन्यांची आहे."

"माहितेय मला. म्हणून तर बसमधून उतरलो."

"मग आता खोटं कशाला बोललात?"

"उतरताना खरंच बोललो रे." काकांचा आवाज इतका बारीक झाला की तो काढायला आम्हांला अजून जमलेलं नाही. "मग ही म्हणाली, गेलं नाही. आणि मला ते हवं होतं."

त्यांनी काकूंच्या हातातून डबी घेतली, झाकण लावलं, खिशात ठेवली. मग जयदेवला म्हणाले, "चल. नाक्यावरून रिक्षा मिळेल. मॅनेजरला मीच सांगतो, तू फक्त शेजारी उभा राहा." चपला पायांत होत्याच.

काका आता कंपनीच्या स्टोअरमध्ये बसतात, नटबोल्ट मोजतात. प्लँटमध्ये नवे मीटर आलेत, आणि जयदेव नाकाला जपतो, तपकीरसुद्धा ओढत नाही. रविवारी टेकचंदकडून काही ना काही अजून येतं. "साईं, ये वाला एकदम डेंजर!" असं तो म्हणतो, आणि मग जीभ चावतो, कारण त्यालाही कळलंय.

बश्या मांडल्या जातात. आम्ही जातो. काका नाकाला काही लावत नाहीत. तुकडा कुंदाकाकूंच्या पुढे करतात. काकांचं चीज ज्यांनी कधी चाखलं नव्हतं त्या काकू नाक मुरडत तो तोंडात घालतात.

"सांग," काका म्हणतात.

"शी बाई. ओल्या गोधडीसारखा."

"आणि?"

"आणि... मागून जरा आंबलेल्या ताकासारखा."

काका आपला तुकडा तोंडात टाकतात आणि काकूंच्या ओठांकडे बघत चावत राहतात. "आणि?"

"आणि बरणीच्या फडक्यासारखा. अहो, संपले माझे शब्द."

"आणि?" काका म्हणतात.