जॉबरची बाग

चार शेजारी एका कामाला लागले की काम पुरं होईल न होईल, सांगण्यासारखं मात्र इतकं साठतं की पुढची वीस वर्षं चहाबरोबर पुरतं. आमच्या बागेचं तसंच झालं.

सोलापुरात मिलमागच्या आमच्या वस्तीत एक मोकळी जागा होती. तिथे कुणीतरी ‘सार्वजनिक उद्यान’ असा बोर्ड लावला होता. बोर्ड होता, उद्यान नव्हतं! बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आम्ही दहा-बारा घरांनी मंडळ काढून झाडं लावली.

प्रमुख झाले दत्तोबा जॉबर. मिलमध्ये मागांवर माणसं लावायचं काम त्यांचं. बागही त्यांनी तशीच चालवली. एका घराला एक झाड, सकाळच्या भोंग्याआधी पाणी, आणि हजेरी! मी शाळामास्तर, म्हणून वही माझ्याकडे. ज्याला जमणार नाही त्याने मिलसारखाच बदली माणूस पाठवायचा.

“दांडी चालनार न्हाय,” जॉबर म्हणाले. “झाडाला सुट्टी असती का?”

*

पहिला बदली पाठवला धोंडिबाने. दुधनीहून आलेले त्याचे सासरे. म्हाताऱ्यांना कानडीशिवाय काही येत नव्हतं. त्यांनी धोंडिबाच्या करंजाला पाणी घातलं आणि उरलेली बादली बोर्डाच्या खांबाच्या बुडात ओतली.

जॉबर तडकले. धोंडिबाने सासऱ्यांना कानडीत विचारलं आणि मान खाली घालून सांगितलं, “सगळ्यात जास्ती त्योच वाळलाय म्हनत्यात!”

*

दुष्काळात नळ तीन दिवसांनी यायला लागला. मग भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना. आमचे बाशाभाई रंगारी. ते कारखान्यातून चादरी धुतलेलं पाणी आणायला लागले. आठवड्यात जास्वंद गेली. आळ्यातली माती जांभळी झाली होती!

“बाशाभाई, रंगाचं पाणी घातलंत?”

“नै जी मास्टर!” ते खरोखर दुखावले. “हमारा रंग छूटताच नै, तो पानी में कां से आएंगा?”

*

मल्लय्याचं मात्र असं काही हसण्यासारखं नाही. घरात तेलुगू बोलणारा हा विणकर बारा वर्षं मिलमध्ये बदली होता. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, आतला कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी. कायम झाला तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. बागेतला लिंब त्याचा. त्याने कधी बदली पाठवला नाही.

त्या उन्हाळ्यात त्याचा खोकला वाढला. जॉबर आणि मी त्याच्या घरी गेलो.

“आठ दिस पडून ऱ्हा. मी बदली देतो,” जॉबर म्हणाले.

तो अंथरुणात उठून बसला. “नको, जॉबर. बदली आला की जागा गेली. मला म्हाईत हाय की.”

“अरे, ही मिल नाही, बाग आहे!” असं म्हणून मी हसलो. ते हसणं मला अजून बोचतं.

दुसऱ्या दिवशी तो अर्धी घागर घेऊन आला. वाटेत दोनदा बसला. मी हजेरी मांडली. त्याच्या हातातली घागर घ्यायचं मला सुचलं नाही.

*

महिन्याभरात मल्लय्या गेला. दिवसकार्य होईपर्यंत त्याच्या लिंबाला जॉबर स्वतः पाणी घालत होते. मी वही उघडली की म्हणायचे, “ह्यातलं काय लिवू नका, मास्तर. त्याची जागा हाय ती.”

पण झाड कुणाच्या तरी नावावर करायला हवं होतं. धोंडिबा तयार होता. तेराव्यानंतरच्या सकाळी मी त्याचं नाव लिहिणार, एवढ्यात मल्लय्याची बायको नरसम्मा कडेवर भरलेली घागर घेऊन आली. कुणाकडे न बघता ती लिंबापाशी गेली आणि सगळी घागर आळ्यात रिकामी केली.

आम्ही सगळे उठून उभे राहिलो. जॉबर पुढे झाले.

“वैनी, मल्लय्याचा बदली म्हनून तुमचं नाव लिवू का?”

तिने पदर नीट केला.

“बदली नको. कायम लिवा.”