शेवटच्या फेरीआधीची लाल फुली

लोर्ना स्टिडहॅम आठवडाभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायची आणि महिन्यातून एका शनिवार-रविवारी सैनिक व्हायची. अमेरिकेच्या राखीव दलाचं असंच असतं. मुख्यालय दूर कुठेतरी, तुकड्या राज्याराज्यांत विखुरलेल्या, माणसं कुणी नर्स, कुणी पोस्टमन. युद्ध पेटलं की सगळ्यांनी हातातलं टाकून वर्दी चढवायची. लोर्नाच्या ताब्यात देखभालीसाठी एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर होतं. दारावर तिचं नाव रंगवलेलं. वैमानिक येत-जात; ते नाव तसंच राही.

तिच्या बापाला, ऑर्व्हिलला, याचं काडीचं कौतुक नव्हतं. केंटकीच्या कोळसा खाणीत जन्म गेलेला माणूस. म्हणायचा, "दोन दिवसांचं सैन्य! शत्रूला कळवलंय ना, शनिवारीच या म्हणून?"

त्या वसंतात वरून हुकूम आला: तुकडी बंद. हेलिकॉप्टरं दुसरीकडे, माणसांनी हवं तर ट्रक चालवावेत, नाहीतर घरी बसावं. विचारलं कुणी कुणाला? सुटे भागही आधीच उचलून नेले.

ऑर्व्हिलची फुप्फुसं कोळशाने खाल्ली होती. उन्हाळा दिसेल असं डॉक्टरही म्हणत नव्हता. हुकमाची बातमी ऐकून तो बराच वेळ खोकला आणि म्हणाला, "जाता जाता ते हेलिकॉप्टर घरावरून ने. बघू तरी, इतकी वर्षं काय करत होतीस ते."

बस. जन्मात बापाने एवढंच मागितलं होतं.

हेलिकॉप्टर पोचवायला निघायच्या दिवशी सकाळी लोर्नाने गियरपेटीतला चुंबक काढून पाहिला. तेलातला लोखंडाचा भुगा त्याला चिकटतो, भुगा चालतो. त्या दिवशी मात्र नखाएवढा धातूचा तुकडा चिकटलेला होता; म्हणजे आत एखादा दात तुटत होता.

वैमानिक वेंडेल प्रुइट तिच्या खांद्यावरून वाकला. "लोर्ना, तासाभराचं तर उड्डाण. म्हातारा वाट बघतोय ना?"

"सकाळपासून ओसरीवर बसलाय. घोंगडी गुंडाळून."

"मग पूस तो चुंबक. मी काही पाहिलं नाही."

"मी पाहिलं ना!"

"अगं, शेवटची फेरी आहे!"

"म्हणूनच तर. पडलं तर तुझ्या बायकोला काय सांगायचं, शेवटची फेरी होती म्हणून?"

तिने यंत्राच्या वहीत लाल फुली मारली. ती फुली मारली की सेनापती आला तरी यंत्र उडत नाही. नवी गियरपेटी कोण देणार? पाती उतरवून ब्लॅक हॉक ट्रकवर चढवायचं ठरलं. वेंडेल शिरस्त्राण घेऊन निघून गेला.

दुपारी ती घरी पोहोचली. ऑर्व्हिल तिथेच, मान वर करून.

"आलं नाही का गं?"

"बिघडलं, बाबा. मीच थांबवलं."

"दोन दिवसांचं सैन्य," तो पुटपुटला, पण टोमण्यात जोर नव्हता.

ती पायरीवर टेकली. संध्याकाळी खालच्या हमरस्त्यावरून एक लांबलचक ट्रक गेला. वर ताडपत्रीत बांधलेलं काहीतरी, पात्यांशिवाय, शेपटी बाहेर डोकावणारी. दारावरचं नाव ताडपत्रीखाली.

ऑर्व्हिलने डोळे बारीक केले. "शेतीचं यंत्र दिसतंय कुणाचं."

"हो बाबा," लोर्ना म्हणाली. "चला आत. गार पडलंय."